बाद फेरीचा सौदा

माझ्या साडूने मला फसवलं. हे मी सरळच लिहितो, कारण सलमाबादला माझं अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या-दारांचं वर्कशॉप आहे आणि मला फसवू शकलेला दुसरा माणूस आखातातल्या या बेटावर नाही. पत्रेवाले झाले, गाळेमालक झाले, सही झाल्यावर भाव पाडायला बसणारे कॉन्ट्रॅक्टर झाले. सगळे माझ्यासमोर घाम पुसत उठले आहेत. आलो तेव्हा हातातलं ड्रिल मशीनसुद्धा दुसऱ्याचं होतं. आज अमवाजमध्ये समुद्राच्या बाजूला उघडणाऱ्या कितीतरी खिडक्या माझ्या हातच्या आहेत. अशा मला एका सरळमार्गी माणसाने, माझ्याच सोफ्यावर बसून, माझाच चहा पीत गुंडाळलं. तेही कशावरून, तर अमेरिकेतल्या एका फुटबॉल टीमवरून, जिचं गाव आम्हा दोघांपैकी कुणीही पाहिलेलं नाही.

साडू अस्करजवळच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात क्रेनच्या देखभालीला होता. तो धातू वितळवणाऱ्यांतला, मी त्याच्या खिडक्या करणाऱ्यांतला. म्हणजे नात्याबरोबर मालही एकच. त्याची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, मुलांच्या शिक्षणासाठी कोरेगावला परतली, तेव्हापासून सुट्टीचं जेवण आमच्याकडे ठरलेलं. नोकरीच्या सुरुवातीला त्याच्या कारखान्यात एक अमेरिकन इंजिनिअर यंत्र बसवायला आला होता. त्याने जाताना आपल्या गावच्या टीमची टोपी साडूला दिली आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की या टीमच्या मागे जन्माने जे लागले ते लागले, आपणहून कुणी लागत नाही. साडूला ते लागलं. "ज्याचं कुणी नाही त्याचं आपण व्हायचं," तो म्हणाला, आणि झाला. लोक मूल दत्तक घेतात, याने पन्नासेक दांडगे पुरुष घेतले.

ती टीम हरायची. साधी नाही, कर्तबगारीने हरायची. हातातला सामना घालवण्याची अशी हुशारी मी धंद्यातसुद्धा पाहिली नाही. पण साडूची मान कधी खाली गेली नाही. हरल्यावर तो टोपी नीट करायचा आणि म्हणायचा, "हरले, पण चारचौघांत शोभेल असं हरले." रविवारी इथे संध्याकाळ उलटली की तिकडे मॅच सुरू होणार, आणि याला पहाटेच्या शिफ्टची बस, म्हणून तो मॅच सोमवारी संध्याकाळी माझ्या घरी रेकॉर्डिंगवर बघायचा. मधल्या वेळात निकाल कानावर पडता कामा नये, हा त्याचा धर्म. सोमवारी तो फोन बंद ठेवायचा, कँटीनमध्ये एकटा जेवायचा, यंत्रांचा आवाज अडवणारे कानावरचे मफ शिफ्ट संपल्यावरही काढायचा नाही. एकदा सुपरमार्केटमध्ये समोरून एक अमेरिकन जोडपं आलं, तर हा ट्रॉली तिथेच सोडून डायपरच्या रांगेत शिरला. त्यांच्या चेहऱ्यावरून निकाल कळतो म्हणे. ती माणसं बहुधा चीज शोधत होती.

तिकडे बर्फ पडत असला की इकडे आमचा एसी सोळावर जायचा आणि साडू माझ्या बायकोची शाल पांघरून बसायचा. "पोरं तिथं गारठतायत, आपण बनियनवर कसं बसायचं?" माझी मुलगी त्याला "काका, दे हॅव हीटर्स" म्हणाली, तर त्याने ते हीटर खेळाडूंना किती अपुरे पडतात यावर तिला बराच वेळ ऐकवलं. मला खेळ शिकवला तो पोळपाटावर वाटाण्याचे दाणे मांडून. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, ही कबड्डीच आहे, फक्त पोट भरलेल्या लोकांची, असं त्याचं म्हणणं. चार संधी, त्यात दहा यार्ड पुढं सरकायचं. नाही जमलं तर गुपचूप चेंडू दुसऱ्याला द्यायचा. "आमच्या भावकीत हा नियम असता तर कोर्टाची पायरी चढावी लागली नसती." चेंडू फेकणारा, पळणारा, त्याला कुणाचंच कौतुक नव्हतं. त्याचा जीव डावीकडच्या एका धिप्पाड गड्यावर. त्या गड्याचं काम एवढंच, की समोरून येणाऱ्याला छातीवर घ्यायचं आणि मागच्याला वेळ मिळवून द्यायचा. "याच्या हाताला कधी चेंडू लागत नाही," साडू सांगायचा, "पण हा उभा आहे म्हणून बाकीच्यांची नावं पेपरात येतात." हे म्हणताना तो कोरेगावच्या घराबद्दल बोलतोय की मॅचबद्दल, हे मी कधी विचारलं नाही.

काही वर्षांपूर्वी कोरेगावचं घर बांधून झालं, त्याची मुलगी नोकरीला लागली, आणि साडू म्हणाला, आता जातो. मी हादरलो. या बेटावर माझ्या ओळखी पुष्कळ आहेत, पण मी ओरडल्यावर शांतपणे चहा पिणारा माणूस एकच. मग मी माझी विद्या काढली. म्हटलं, टीमला बाद फेरीत न बघताच जाणार? त्याच्या वर्मावर बोट पडलं. गणपतीसमोर, दोघी बहिणींच्या साक्षीने, एक घरातली आणि एक फोनवरची, सौदा ठरला: टीम बाद फेरीत गेली की साडूने जायचं, तोवर नाही. मी मनात टाळी दिली. ती टीम बाद फेरीत जाणं म्हणजे सलमाबादला हिमवर्षाव. मेहुणीने मात्र मला माफ केलं नाही. दर मंगळवारी कोरेगावहून तिचा फोन येई, "काय भावजी, तुमच्या त्या मेल्या टीमचं काय झालं?" आणि पुढे पुढे तर गुणतक्ता तिला माझ्यापेक्षा चांगला पाठ झाला.

यंदा मात्र त्या टीमला काय झालं कुणास ठाऊक. पहिल्या दोन मॅच रीतसर हरली, मी निर्धास्त झालो, आणि मग जिंकायला लागली. एक, दोन, तीन. कारखान्यात साडूची चाल बदलली. त्याच्या शिफ्टच्या केरळी, फिलिपिनो माणसांना पेढे मिळू लागले. मी सौद्यात दुरुस्ती सुचवली, की बाद फेरीत नुसतं जाणं नव्हे, तिथं निदान एक मॅच जिंकणं. साडू म्हणाला, "सौदा पक्का झालाय, खलास, साडूभाऊ. गणपतीला आता परत बोलवू का?"

सगळं शेवटच्या मॅचवर येऊन ठेपलं. जिंकली तर बाद फेरी, हरली तर साडू आणखी एक वर्ष माझा. सोमवारी संध्याकाळी तो आला, टोपी घातलेला, शाल मागून घेतलेला. मी मनातल्या मनात समोरच्या टीमचा जयजयकार करत बसलो. अगदी शेवटी आपली टीम मागे, चौथी संधी, शेवटच्या रेषेला दोन यार्ड कमी. त्या डावीकडच्या गड्याचा गुडघा दुखावलेला, लंगडत तो जागेवर येऊन वाकला. आणि चेंडू हलला तसं त्याने समोरचे दोघे असे काही रेटले, की मधे दार उघडावं तशी वाट झाली आणि चेंडूवाला त्या वाटेने निघाला. मी कधी उभा राहिलो मला कळलं नाही. "घुस, रे माझ्या राजा, घुस!" असं ओरडलो, की वर राहणारा पाकिस्तानी शेजारी खाली बघायला आला. जिंकली. मी साडूला मिठी मारायला वळलो, तर तो टीव्हीकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर नवल म्हणून नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"सकाळीच बघितलं. फोन चालू केला."

"एवढी वर्षं पाळलंत, आणि आजच मोडलं?"

"शेवटची मॅच तुमच्या शेजारी बसून बघायची होती," तो म्हणाला. "निकाल ठाऊक असला म्हणजे टीव्हीकडे बघायला नको. तुम्ही कुणाच्या बाजूचे, तेवढं बघून घेतलं."

बाद फेरीत टीम पहिल्याच मॅचला हरली. साडूने टोपी नीट केली, चारचौघांत शोभेल असं हरले म्हणाला, आणि नोटीस दिली. एअरपोर्टवर मी त्याच्या शिफ्टच्या माणसांना सांगत होतो, हा माझा साडू, याची टीम यंदा बाद फेरीत होती. छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

पण हिशेब हिशेब आहे. त्याला सकाळीच ठाऊक होतं, तर आल्या आल्या सांगायचं. मी चिडलो असतो, भांडलो असतो, सौद्यात एखादी फट काढली असती. ते न करता मला तीन तास बसवलं आणि त्याला निरोप देणारी आरोळी माझ्याच तोंडून काढून घेतली. मेहुणी म्हणते, फोनवर बोलून टाका. फोनवरचं मी धरणार नाही. नवा सीझन लागतोय, व्हिजिट व्हिसा मी काढतो. साडूने इथे यावं, माझ्यासमोर बसावं, आणि याचं उत्तर द्यावं.