गोकुळचं शटर

राहू गावच्या पेठेत, मारुतीच्या देवळाकडं वळणाऱ्या रस्त्यावर गोकुळचं दुकान आहे. बांबू, सुतळी, मडकी, पांढरं कापड, गुलाल, गोवऱ्या, तुळशीच्या माळा, माणसाच्या शेवटच्या प्रवासाला जे जे लागतं ते तिथं एका जागी मिळतं. दुकानाला मोठी पाटी आहे, पण ती वाचायची गरज कुणाला पडत नाही. त्या ठिकाणी आलं की माणसं मान दुसरीकडं वळवतात. नवख्या माणसाला पत्ता सांगायचा झाला तर तेवढी खूण पुरे.

मालक मात्र असा, की त्याला बघून कुणालाही हसू यावं. गुबगुबीत अंग, गालाला खळी, तोंडात सदा पान. जेवणावळीचा भारी शौक, आणि बँडचा त्याहून भारी. असा माणूस लग्नात वाढप्यांच्या पुढं हवा होता, पण वडिलांचा बांबूचा धंदा होता, त्यातून हा धंदा वाढला आणि गोकुळ त्या गल्ल्यावर बसला तो बसलाच.

या धंद्यानं त्याची एक मोठी पंचाईत करून ठेवली होती. त्याला कुणाच्या तब्येतीची चौकशी करायची सोय राहिली नव्हती. एकदा बाजारात कोंडिबाचा मुलगा भेटला. गोकुळनं आपल्या मायेनं विचारलं, "कोंडिबाअण्णा कसं हायत?"

मुलगा तडकला. "का? माल पडून हाय व्हय दुकानात?"

तेव्हापासून गोकुळ फक्त पावसापाण्याचं विचारी.

लग्नाच्या पत्रिकांचंही तसंच. डावीकडच्या किराणा दुकानात पत्रिका जायची, उजवीकडच्या खताच्या दुकानात जायची, मधल्या दुकानावरून माणूस असा निघून जायचा जसं काही तिथं मोकळा प्लॉट आहे. नवरदेवाचा परण्या, म्हणजे लग्नाआधी घोड्यावरून मारुतीच्या पाया पडायला निघालेली मिरवणूक, याच रस्त्यानं जाई. लांबून बँड ऐकू आला की गोकुळ उठायचा आणि आपल्या हातानं शटर खाली ओढायचा. कुणी सांगायच्या आधीच ओढलेलं बरं, असं त्याचं म्हणणं. मिरवणूक लांब जाईपर्यंत तो आतच थांबे. आत काय करतो, हे कुणी विचारलं नाही.

एकदा त्याची मुलगी सृष्टी मागच्या दारानं डबा घेऊन आली. बघते तर बाप अंधारात, मडक्यांच्या शेजारी, एक हात डोक्यावर धरून बँडच्या ठेक्यावर नाचत होता. एकटाच. ती डबा ठेवून गुपचूप परत गेली, आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

पुढं यवतच्या बाजूला एकानं नवीन टूम काढली. गाडी, गुरुजी, फ्लेक्स, दहाव्याचं जेवण, सगळं एका फोनवर. गोकुळलाही वाटलं, आपणही जाहिरात केली पाहिजे. पण या धंद्याची जाहिरात करावी कशी? कार्ड दिलं तर लोक हात मागं घेत. दिवाळीला त्यानं दिनदर्शिका छापल्या. झाडून सगळ्यांनी घेतल्या आणि एकानंही भिंतीवर टांगली नाही. त्याच्या दिनदर्शिकेच्या पानांत पुढं वर्षभर भजी बांधून मिळत होती.

सृष्टी दौंडला कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. ती म्हणाली, "पप्पा, क्यूआर कोड करू. चौकोनावर काहीच लिहिलेलं नसतं, त्यामुळं कुणी दचकत नाही. ज्याला पाहिजे तो स्कॅन करील."

गोकुळला ही युक्ती इतकी आवडली की त्यानं पुढचं डोकं स्वतःच चालवलं. लोक सगळ्यात जास्त स्कॅन कुठं करतात, तर भिमाजीच्या चहाच्या हॉटेलात. म्हणून त्यानं आपलं स्टिकर नेमकं गल्ल्यावर, पैसे भरायच्या स्कॅनरच्या शेजारी चिकटवलं. भिमाजी भजी तळत होता, त्यानं मागं वळून बघितलंही नाही.

त्याच दिवशी पोपटराव आप्पा तिथं आले. सोसायटीचे माजी चेअरमन, कडक इस्त्री, टोपी कायम एका बाजूला कललेली. मुलीची, अपेक्षाची, सोयरीक नुकतीच पक्की झाली होती आणि व्याह्यांना गावचा चहा पाजायला ते घेऊन आले होते. पैसे भरायला त्यांनी ऐटीत फोन पुढं केला. फोनात आला हात जोडलेला गोकुळ, मागं सनईचे सूर आणि खाली ओळ: 'शेवटपर्यंत साथ. चोवीस तास सेवा. फक्त एक फोन करा.'

व्याह्यांनी वाकून बघितलं. त्यांनाही वाचता येत होतं.

आप्पा तडक दुकानात आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी या दुकानाकडं तोंड केलं. "गोकुळ, सोयरिकीच्या दिवशी तू माझ्या फोनात शिरलास. आता माझ्या दारात पाऊल टाकायचं न्हाई. आन् लग्नाच्या मांडवाच्या तर वाऱ्यालासुदिक उभं ऱ्हायचं न्हाई."

"आप्पा, चूक झाली," गोकुळ म्हणाला. तसा त्या मांडवाच्या वाऱ्याला त्याला आधीही कुणी उभं करणार नव्हतं, पण ते न बोलता चाललं होतं. आता कुणीतरी ते तोंडावर बोललं, आणि ते त्याला लागलं.

ही गोष्ट आप्पांच्या आईच्या, दगडाबाईंच्या कानावर गेली. म्हातारी ऐंशीच्या पुढची. शेवंतीच्या मळ्यात अजून तीच सगळ्यांवर ओरडायची. फोनातल्या गोकुळची गोष्ट ऐकून ती इतकी हसली की सुनेला पाणी आणावं लागलं. आणि चारच दिवसांनी काठी टेकत ती गोकुळच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. गिऱ्हाईक स्वतःच्या पायानं यायची ही दुकानाची पहिलीच वेळ.

"मावशी, तुम्ही इथं? आप्पांना कळलं तर?"

"पोपट्या मला काय बोलतोय. ह्ये बघ, फ्लेक्सवर निस्ता फोटू असतो. त्यो बी तरुणपणातला. फोटू काय बोलत न्हाई, आन् बोलणारी असतात ती पुढारी. मेल्यालं माणूस गप, आन् हे दोन-दोन तास बोलत्यात. तुझ्या त्या चौकोनात माझा आवाज घालता यील का?"

"यील की," सृष्टी आतून म्हणाली.

"मग तू ऱ्हा. गोकुळ, तू च्या आण जा. आन् सावकाश ये."

गोकुळ चहा आणायला गेला. परत आला तेव्हा रेकॉर्डिंग झालं होतं आणि सृष्टीचे डोळे लाल होते. म्हातारी मात्र खुशीत होती. "मी गेल्यावरच उघडायचं," तिनं बजावलं. "अपेक्षाला ठावं हाय." मग चहा बशीत ओतून फुर्र करून प्याली, आणि जाताना तिनं विचारलं, "तुझी तब्येत कशी हाय रं?"

गोकुळ तिची रिकामी बशी पुसत राहिला. हा प्रश्न त्याला कुणी विचारून किती काळ लोटला होता, ते त्याचं त्यालाच आठवेना.

दिवाळीनंतर, शेवंती भरात असताना, दगडाबाई झोपेतच गेल्या. त्रास नाही, दवाखाना नाही. लग्न पुढं ढकलायचं नाही, हे त्यांनी आधीच सगळ्यांना दम देऊन सांगून ठेवलं होतं. सामान गोकुळकडूनच आलं, कारण गावात दुसरं दुकान नव्हतं. त्यानं ते आप्पांच्या वस्तीच्या वळणावर उतरवलं आणि दारात पाऊल न टाकता परत आला.

दहाव्याला नदीच्या घाटावर गाव लोटलं. फ्लेक्सवर म्हातारीचा फोटो, खाली शोकाकुलांची नावं आणि कोपऱ्यात अपेक्षानं लावलेला तो चौकोन. एक पाव्हणा शेजारच्याच्या कानात म्हणाला, "दहाव्याला बी स्कॅनर? काय काळ आलाय." कुणी फोन काढला नाही. भाषणं सुरू झाली आणि म्हातारी म्हणाली होती तश्शीच चालली.

मग पिंड ठेवले. सगळे मागं सरले. समोर बाभळीवर कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. कावळा शिवला नाही की गेलेल्याची काही इच्छा राहिली, असं मानतात. मग ती इच्छा ओळखून मोठ्यानं शब्द द्यायचा. आप्पा पुढं झाले. "आये, शेवंतीचा मळा इकणार न्हाई." कावळे ढिम्म. "अपेक्षाचं लगीन थाटात करतो." एक कावळा उडाला आणि पलीकडच्या फांदीवर जाऊन बसला. ऊन चढलं. माणसं टोप्यांनी वारा घेऊ लागली.

तेव्हा अपेक्षा उठली, फ्लेक्सजवळ गेली, स्कॅन केलं आणि फोन माइकला लावला.

"पोपट्या, टोपी सरळ कर."

घाटावर दगडाबाईंचा आवाज घुमला. आप्पांचा हात आपोआप टोपीकडं गेला आणि टोपी सरळ झाली. गर्दीत हसू फुटलं, आणि हसता हसता बायकांनी डोळ्याला पदर लावले. आता ज्याला त्याला ऐकायचं होतं. फोन निघाले, आणि म्हातारी मागंपुढं, घाटाच्या सगळ्या कोपऱ्यांतून बोलू लागली. सुनेला म्हणाली, तू लई केलंस, मी कधी बोलले न्हाई. पुढाऱ्यांना म्हणाली, आता पुरं करा, लोकं उपाशी हायत. आणि शेवटी म्हणाली:

"त्यो गोकुळ. गावातल्या समद्यांना त्यानं धाडलं, आन् गावानं त्याला एका बी लग्नाला बोलावलं न्हाई. बँड आला की त्यो आत कोंडून घेतो आन् अंधारात एकलाच नाचतो, मला त्याच्या पोरीनं सांगितलं. माझ्या अपेक्षाच्या लग्नात त्यो उजेडात नाचला पायजे. तवर मी काय शिवायची न्हाई."

गोकुळ सगळ्यांच्या मागं, आपल्या टेम्पोच्या आडोशाला उभा होता. घाटावरच्या माना एकदम त्याच्याकडं वळल्या. आजवर त्या फक्त दुसरीकडं वळल्या होत्या. त्याला कुठं बघावं कळेना. तो टेम्पोच्या चाकाकडं बघू लागला आणि त्याला ते चाकही धड दिसेना.

आप्पा पुन्हा पुढं झाले. मग घसा साफ करून, पिंडाकडं बघत मोठ्यानं म्हणाले, "आये, गोकुळला बोलावतो. मी स्वता जातो आवतान घेऊन."

बाभळीवरचा एक कावळा खाली उतरला आणि त्यानं पिंडाला चोच लावली. त्याला भूक लागली होती की म्हातारीचा धाक होता, ते आपण कशाला ठरवावं. गाव जेवायला उठलं.

म्हातारीची राख नदीत न सोडता मळ्यात घातली, त्यावर आंबा लावला आणि शेजारी छोट्या दगडावर तो चौकोन बसवला. खुरपणीच्या बायका आता दुपारी तिथं बसून म्हातारीच्या शिव्या ऐकत जेवतात. त्याशिवाय भाकरी गोड लागत नाही, असं त्या म्हणतात.

आप्पा शब्दाला जागले. पत्रिका आणि अक्षता घेऊन दुकानात आले, आणि दारातूनच न देता आत येऊन बसले. गोकुळनं पत्रिका गल्ल्यावरच्या देवांपाशी ठेवली. रोज ती काढून वाचायचा.

लग्नाच्या दिवशी परण्या पेठेतून निघाला. गोकुळ डोक्याला गुलाबी फेटा बांधून दुकानासमोर उभा होता. लांबून बँड ऐकू आला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं त्याचे पाय मागं वळले. त्यानं हात वर करून शटर धरलं, अर्ध्यावर ओढलंही.

वरून दुसऱ्या एका हातानं ते धरलं. आप्पा होते. टोपी एकदम सरळ.

"असू दे उघडं," ते म्हणाले, आणि त्यांनीच शटर वर ढकललं.

बँड दुकानासमोर येऊन थांबला, आणि तिथंच वाजत राहिला.