हिरव्या सिग्नलवरचा प्रसाद

आता सांगायचं म्हणजे स्वतःच्याच अब्रूचा पंचनामा! थांबा, आधी चहा घ्या. आमच्याकडे बिनसाखरेचाच मिळेल.

मला डायबिटीस, इन्सुलिन चालू. बायकोने, म्हणजे सुधाने, बजावून ठेवलेलं: "शुगर तपासल्याशिवाय आणि काही खाल्ल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही. एकदा जरी चुकलात, तर किल्ली माझ्याकडे." आता दिल्लीत मयूर विहारातल्या रिटायर्ड माणसाची गाडी गेली की उरतं काय? बाल्कनी!

गणेश चतुर्थीला सुधा मेट्रोने मंडळात पुढे गेली. मी एकवीस मोदकांचा डबा घेऊन गाडीने मागून यायचं. इन्सुलिन शहाण्यासारखं टोचून घेतलं. नाश्ता मात्र नाही. नैवेद्याआधी खायचं कसं? आणि शुगर तपासायला वेळ कुणाला होता!

वाटेत हात थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला. कळलं हो मला, साखर उतरतेय! गाडी बाजूला घ्यायची, तोंडात गोड टाकायचं, सगळं पाठ आहे. शेजारच्या सीटवर डबाभर गोड. पण बाप्पाच्या आधी मी? छे! म्हटलं, दोनच सिग्नल राहिलेत.

पहिल्याच सिग्नलला थांबलो. तो हिरवा झाला. मी तिथेच. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ! आणि माझ्या डोक्याला काय वाटावं? आरती चाललीय! आरती झाली की प्रसाद. उतरलो डबा घेऊन आणि गाड्यांच्या काचा ठोठावत मोदक वाटत सुटलो.

"अंकलजी, गाड़ी हटाओ यार!"

"हो हो, आधी प्रसाद घ्या. उजवा हात!"

ट्रॅफिक पोलीस धावत आला. त्याने माझ्या तोंडाचा वास घेतला. "पी तो नहीं है. फिर हुआ क्या इनको?"

"पसीना देखिए, शुगर डाउन है!" मागच्या गाडीतल्या बाई ओरडल्या आणि त्यांनी मुलीच्या हातातला ज्यूस हिसकावून माझ्या तोंडाला लावला. पोरीने भोकाड पसरलं.

माणसात आलो तेव्हा फुटपाथवर बसलो होतो. समोर सुधा. पोलिसाने फोन करून बोलावलेली. ती ओरडलीसुद्धा नाही हो! ओरडली असती तर बरं झालं असतं.

"हिरव्याला थांबलात म्हणून निभावलं," एवढंच म्हणाली. "लाल असताना निघाला असतात तर? शाळा सुटलीय समोरची."

 

किल्लीसाठी मी हात पुढे केला. पोलिसाने ती सुधाला दिली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर माझं मन राखायला त्याने विचारलं, "अंकलजी, रिटायर कहाँ से हुए?"

मी बुटांकडे बघत राहिलो. शेवटी सुधानेच सांगितलं.

"रोड सेफ्टी."