रेषेबाहेर कोण जाणार

कुणाविषयी लिहावं एवढी माझी लायकी नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला; माझ्याआधी घरात कुणी अर्जापलीकडे काही लिहिलेलं नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. पण लालबागच्या आमच्या चाळीतल्या पंचांइतका न्यायी माणूस अख्ख्या मुंबईत नाही, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

पंच म्हणजे कबड्डीचे पंच. मैदानं सुटली, तरी गळ्यातली शिट्टी सुटली नाही. नळावर कुणी बादली पुढे सरकवली की शिट्टी. स्वतःच्या मुलीच्या लग्नात मुहूर्ताला अर्धं मिनिट असताना मंगलाष्टकं आटोपली, तेव्हा त्यांनी भटजींनाही शिट्टी मारून थांबवलं होतं. अशा माणसाने कॉटन ग्रीनच्या एका गोदामामागून दोन महिन्यांचं पिल्लू उचलून आणलं आणि त्याचं नाव ठेवलं बोनस. बोनस हाताला, पायाला, जे सापडेल त्याला चावायचा. पंचांच्या बायको, आमच्या काकी, म्हणायच्या, "ह्या मेल्यान माझ्या साडयेचे काठ खाल्ल्यान, नि तुमी शिट्टी कसली वाजवतास?" शेवटी चाळीच्या सेक्रेटरींनी बजावलं, "पंच, गॅलरीत पोरं खेळतात. गणपतीपर्यंत बघतो. नंतर एकदा जरी चावला, तर रे रोडच्या लाकडाच्या वखारीत देऊन टाकायचा. वखारीवाले ठेवतील साखळीला."

पंचांनी दारासमोर गॅलरीत चुन्याची रेषा मारली. बोनस चावला की "बाद!" म्हणून त्याला उचलून रेषेबाहेर ठेवायचे. तो उचलणाऱ्या हातालाच चावायचा. त्याला वाटायचं, खेळ रंगलाय. आठवडाभराने पंचांनी मोठ्या मनाने निकाल फिरवला. "चूक आपली. त्याला बाहेर काढून काय उपयोग? चावला की त्याचा खेळच बंद पडला पाहिजे." तेव्हापासून ज्याला दात लागतील त्याने रेषेबाहेर जायचं, पाठ करून उभं राहायचं, बोनसकडे बघायचंही नाही. किती वेळ? एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणून होईल तेवढा. पण सत्तरीतल्या पंचांचा दम दहा-बारा कबड्ड्यांतच संपायचा आणि बोनसला शिक्षा कमी व्हायची. हा अन्याय नको, म्हणून दम माझ्याकडे आला. वर्गात सरांनी नाव विचारलं तरी वहीत बघून पुटपुटणारा मी, अख्ख्या गॅलरीसमोर कबड्डी घुमवू लागलो. एकदा काकी शेगडीशी असताना बोनसने त्यांचा अंगठा धरला. त्या उलथनं हातात घेऊन रेषेबाहेर उभ्या, आत बांगडे करपतायत. "अरे, आवर तुझा दम!" त्या ओरडल्या. पंच म्हणाले, "नियम म्हणजे नियम," आणि काळे बांगडे निमूटपणे खाल्ले. बोनसला मात्र त्यांनी स्वतःचा जुना नी-कॅप थंड पाण्यात भिजवून दिला. "दात आलेत, चावणारच. काय चावायचं ते आपण सांगायचं."

गणपती झाले. गावी मोठा भाऊ आजारी पडला म्हणून पंच आणि काकी कोकणात गेले. बोनस आणि शिट्टी माझ्याकडे. "वाजवायची वेळ आणू नको," एवढंच ते म्हणाले.

चौथ्या दिवशी सेक्रेटरींची तीन वर्षांची नात बिस्किट घेऊन गॅलरीत, रेषेच्या आत आली आणि तिने मनगटापर्यंत हात बोनसच्या तोंडात घातला. मी शिट्टी ओठांना लावली, पण फुंकायला श्वासच येईना. बोनसचे दात तिच्या हातावर टेकले. मग त्याने जबडा उघडला, हात सोडला आणि थांबून तिच्याकडे पाहिलं. तिला नियम माहीत नव्हता. ती जागची हलली नाही. तेव्हा तो स्वतःच उठला, रेषेबाहेर गेला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. सेक्रेटरींनी धावत येऊन नातीचा हात पुसला. ओरखडाही नव्हता, बिस्किट तेवढं गेलं होतं. मग त्यांनी बोनसच्या पाठीकडे बघितलं. "वखारीवाल्याला नको म्हणून कळवतो," म्हणाले.

पंचांच्या वाडीत रेंज नाही. तीन दिवसांनी वाडीवरच्या उंच कातळावर, सड्यावर चढून त्यांनी फोन केला, तेव्हा कुठे त्यांना बातमी कळली.

"दात लागले?"

"टेकले. लगेच सोडला हात."

"मग बाहेर कोण गेलं?"

"तोच गेला, पंच. आपणहून."

फोनमध्ये सड्यावरचा वारा वाजत होता. ते हळूच म्हणाले, "भावाचं काही खरं नाही रे. एवढ्यात येणं व्हायचं नाही." मग म्हणाले, "शिट्टी तुझ्याकडेच आहे ना? वाजव. लांब वाजव. सामना संपल्यावर वाजवतात तशी."

मी वाजवली, दम संपेपर्यंत. बोनस कान टवकारून उठला आणि पंचांच्या बंद दाराकडे बघत उभा राहिला.