एका अक्षरावर टूं

वेळ वाचवायला म्हणूनच जन्माला आलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे दाजी, माझ्या थोरल्या अक्काचे यजमान. आता वाचवलेल्या वेळाचं ते करायचे काय, असं विचाराल तर मला सांगता यायचं नाही. नव्वद सालानंतरची गोष्ट. जळगावच्या एका कॉलेजात ते कॉम्प्युटरची खोली सांभाळायचे. तेव्हा कॉम्प्युटर नुसता बघायलासुद्धा लोक चपला बाहेर काढून आत जायचे. मी सुट्टीला धुळ्याहून आले की दाजी मला तिथे नेऊन बसवायचे. काळा पडदा, त्यावर चित्र नाही की रंग नाही, नुसत्या ओळी. युनिक्स म्हणायचे त्याला. ओळ लिहायची, एंटर दाबायचं, मशीन सांगितलेलं काम करतं. ओळीत चुकलं तर आपण भोळी माणसं बाणाचं बटण दाबत दाबत मागे जातो. दाजींना ते बघवायचंच नाही. "अगं, बाणापर्यंत हात नेणं म्हणजे जळगावहून उलटं भुसावळवरून धुळ्याला जाणं! कंट्रोल धर. ए दाबलं की ओळीच्या सुरुवातीला, ई दाबलं की शेवटाला. के दाबलं की पुढचं सगळं साफ, वाय दाबलं की साफ केलेलं परत हजर. बोटं मधल्या रांगेवरून हलता कामा नयेत." पोरं तरीही बाण दाबायची, म्हणून त्यांनी चारी बाणांवर जखमेची पट्टी चिकटवली. साहेबांनी विचारलं, "बटणांना लागलंय का हो?" दाजी म्हणाले, "नाही साहेब, पोरांना सवय लागू नये म्हणून."

हे कॉलेजात राहिलं असतं तर ठीक होतं, पण तेच डोकं घरी यायचं ना! जुनी ओळ हवी असेल तर कंट्रोल आर दाबून तिच्यातली दोन अक्षरं टाकायची, मशीन ती शोधून आणतं. दाजींचंही तसंच. अक्का स्वयंपाकघरातून नुसतं "अहो, गॅस—" म्हणाली की उत्तर तयार, "हे तू संक्रांतीला बोलली होतीस. नंबर लावलाय, असं मी तेव्हाच सांगितलंय." पण त्यांचं खरं लाडकं बटण टॅबचं. नावाची पहिली अक्षरं लिहा, टॅब दाबा, उरलेलं नाव मशीन लिहितं. पहूरच्या एका लग्नात मुलीचे वडील माईक घेऊन उभे राहिले. "आलेल्या पाहुण्यांना माझी वि—" एवढं म्हणतात तोच पहिल्या रांगेतून दाजी, "विनंती, की जेवून जावं!" अख्खा मांडव उठला की हो! पंगती बसल्या आणि सत्काराचे नारळ जागच्या जागी राहिले. अक्का हसत म्हणायची, "लग्न झाल्यापासून माझं एक वाक्य माझ्या तोंडून संपलेलं नाही. मरताना मी 'रा' म्हणेन, 'म' हेच म्हणतील."

आणि मग त्याच अक्काला अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू थोडे हलायला लागले, बोलणं मात्र अडकून बसलं. डॉक्टर म्हणाले, "बोलणं परत येईल. पण त्यांचं त्यांना बोलू द्या. एकदा का त्यांनी प्रयत्न सोडला, की अवघड आहे." हे ऐकूनसुद्धा आम्ही काय करावं? एका दुपारी असोद्याची मामी पिशवीभर वांगी घेऊन भेटायला आली होती. अक्का पलंगावर बसलेली. तिने ओठ जुळवले, "भ…"

"काय पाह्यजे व माय तुले? भाकर?" मामी.

"भात देऊ का गं?" मी.

"भ… भरी…"

"भरीत! घ्या! मी करते ना व माय, अशी करते!" मामी पदर खोचून उठलीसुद्धा. अक्काने धड असलेला हात गादीवर आपटला. तिचे डोळे भरून आले. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि ओठ घट्ट मिटले. मिटले ते मिटलेच.

दाजी कोपऱ्यात होते. मला वाटलं, आता हे सवयीने वाक्य पुरं करणार. ते उठून तिच्यासमोर स्टुलावर बसले. "मामी, बसा. कोणी काही बोलू नका." मग अक्काला म्हणाले, "अगं, एका अक्षरावर टॅब दाबलं ना, तर मशीनसुद्धा नुसतं टूं करतं आणि गप्प बसतं. त्या अक्षराची नावं ढीगभर, त्यातलं कुठलं हवंय ते त्याला माहीत नसतं. मला तरी कुठे माहीत आहे? तू बोल. मी बसलोय." आणि दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसले, जणू बोटं आपोआप कुठलंतरी बटण दाबतील.

रस्त्यावरचा केळीवाला ओरडत आला आणि ओरडत गेला. अक्काने मान वळवली.

"भरीत…"

दाजींनी नुसती मान डोलावली.

"तुम्ही…"

दाजींनी तळहात मांड्यांखाली आणखी आत सारले.

"…करा."

मामीला असं हसू फुटलं की पिशवीतली वांगी जमिनीवर गडगडली. अक्काचंही तोंड एका बाजूने हसलं. दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा वांगी भाजली, अर्धी जाळली, मिरच्या मोजायच्या विसरले. आम्ही पाणी पीत पीत खाल्लं. अक्काने मागून घेऊन खाल्लं, तेही "अजून… थोडं" असं स्वतःच्या तोंडाने म्हणून.

पुढे अक्का बोलायला लागली, पण सावकाश. मागे मी गेले होते तेव्हा ती मला आमच्या लहानपणीची एक गोष्ट सांगत होती. मला ती पाठ. मधल्या एका नावाशी अक्का अडली आणि ते माझ्या ओठांवर आलं. दाजींनी माझ्याकडे बघून हळूच 'नको' अशी मान हलवली. समोर त्यांचा चहा साय धरून गार झाला होता, आणि त्यांचे दोन्ही हात अजून मांड्यांखालीच होते.