तासलेला शिंपला

ओमानमधल्या गाला भागातल्या त्या सोनेरी खुर्चीचा विषय निघाला की माझं डोकं अजूनही गरगरतं. उभी हयात पोलिसात काढली. माझी नजर पडली की चोर न केलेले गुन्हेसुद्धा कबूल करत. पण त्या खुर्चीनं मला पार घोळात घेतलं.

निवृत्त झालो, लेकीकडे ओमानला आलो आणि गालातल्या एका फर्निचर कंपनीत सुरक्षा अधिकारी झालो. मालकांकडे, म्हणजे आमच्या अर्बाबकडे, अडीचशे वर्षांपूर्वीची फ्रेंच खुर्ची होती. सगळी कोरीव, वर सोन्याचा वर्ख. ती दुरुस्तीला वर्कशॉपमध्ये आली आणि आठवड्यानं सुपरवायझर माझ्या कानाशी लागला. "साहेब, सुतारानं अस्सल विकली, नक्कल ठेवली."

जुना फोटो ताडून पाहिला. फोटोत खुर्चीच्या पाठीवर कोरलेला शिंपला डावीकडे कललेला, समोरच्या खुर्चीत मात्र ताठ.

अर्बाब म्हणाले, "वो पुराने फ्रेंच कारीगर समंदर का पत्थर, सीप देखके बनाते थे. समंदर में दोनों बाजू एक जैसा होता है क्या? टेढा, वही असली. सुतार को पुलिस में दो. खलास."

सुतार कुडाळकडचा, जन्मभर देव्हारे कोरलेला. तक्रार गेली असती तर थेट तुरुंगात. मी एसी बंद करून जबाब घ्यायला बसलो. ओमानात थर्ड डिग्री ती हीच.

दुसऱ्याच मिनिटाला तो म्हणाला, "व्हय साहेब, मियाच केलंय."

"कोणाला विकलीस?"

"इकलंय? काय इकलंय?"

"मग केलंस काय?"

"शिंपलो वाकडो होतो. कोरणाऱ्याची चूक. दोनय बाजू सारखे नको? तासून सरळ केलंय, वर्ख परत लावलंय."

"तासलेलं कुठंय?" मला वाटलं, आता अडकला.

त्यानं आपल्या खोलीतल्या गणपतीपुढून कुंकवाची डबी आणली. आत वर्ख लागलेल्या ढलप्या. "सोना केरात कसा टाकू, साहेब? पायाखाली येतला."

एक ढलपी शिंपल्याला लावली. रेघेला रेघ जुळली. खुर्ची अस्सलच! चोरी झालीच नव्हती, पण मुद्देमाल बिघडला होता. अर्बाबना बोलावून सगळं दाखवलं. ते एकदा खुर्चीकडे बघत, एकदा डबीकडे.

सुतार चाचरत म्हणाला, "चिपका देगा, अर्बाब. लेकिन फिर टेढा दिखेगा."

अर्बाब खो खो हसले. "यल्ला, चलो, टेढा ही करो!"

सुतार सुटला. मी मात्र अडकलो. पोलिसात असताना मी लिहून घेतलेले जबाब सरळसोट म्हणून वरिष्ठ पाठ थोपटायचे. आता ते जबाब एकेक आठवतात आणि कळेनासं होतं, त्यातले किती तसेच होते आणि किती मी तासले होते. माझ्याकडे तर ढलप्याही ठेवलेल्या नाहीत.