हसणारा म्हातारा सोबत मिळणार नाही

माणूस भेटला की काका आधी त्याच्या तोंडाकडे बघतात, मग डोळ्यांकडे. कुणी जांभई दिली की मान तिरकी करून आत डोकावतात. नावं विसरतात, जबडे विसरत नाहीत. पेपर उघडला की बातमी नंतर, आधी पुढाऱ्यांची बत्तिशी. बिस्कीट चहात बुडवूनच खातात आणि विचारलं तर म्हणतात, चव लागते. हसू आलं की उजव्या हाताची पालथी मूठ ओठांवर जाते. काम करताना कुणाशी बोलत नाहीत, बायकोशीसुद्धा. ती म्हणते, "तेवढीच मला शांतता."

काका कवळ्या बनवतात. घराच्या मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर. दातांचे डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचा ठसा पाठवतात. काका त्यावरून प्लॅस्टरचा साचा ओततात, मेणाची हिरडी करतात आणि गरम सुरीने तिच्यात एकेक दात बसवतात. दात बसले की मेणाच्या जागी गुलाबी, टणक हिरडी येते. एक दात ते मुद्दाम किंचित चुकवतात. "देवाच्या हातून इतकं सरळ काम कधी झालंय?" असं त्यांचं म्हणणं.

त्यामुळे कुणाच्या तोंडात कवळी आहे हे बाहेर कळतच नाही. डॉक्टरला ठाऊक, काकांना ठाऊक, लावणाऱ्याला ठाऊक. चौथा साक्षीदार म्हणजे उशाशी ठेवलेला पाण्याचा पेला. तो बोलत नाही.

काकांना दोन डॉक्टर काम देत. एकाने वयोमानाने दवाखाना बंद केला. दुसऱ्याने यंत्रावर कवळ्या करणारी कंपनी गाठली. टेबल रिकामं पडलं. काकू ती खोली भाड्याने द्यायची भाषा करू लागल्या. तेवढ्यात चौकात नवा दवाखाना उघडला. काकांनी तिथल्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "वेबसाइटची लिंक पाठवा. सोमवारी बघते आणि ठरवते."

काका फोन ठेवून बसून राहिले. मग काकूंनी आपल्या बहिणीच्या मुलीला बोलावलं. ती साहित्य शिकलेली. काकूंच्या मते जे शिकून नोकरी लागत नाही ते शिकलेल्याला वेळ असतो.

भाची लॅपटॉप घेऊन आली. "सोपं आहे, काका. टेम्प्लेट घ्यायचं. तयार साचा असतो, त्यात आपला मजकूर ओतायचा."

"साचा आधी आणि तोंड नंतर?" काका म्हणाले. "उलटंच आहे की हे."

तिने दवाखान्यांसाठीची टेम्प्लेटं दाखवली. पडदाभर पांढरेशुभ्र हसरे चेहरे.

"पुढे."

"का?"

"हे दात नाहीत. बाथरूमच्या फरश्या आहेत."

पुढच्या बाईचे दात काकांना तिच्या वयाचे वाटले नाहीत. त्यापुढच्या माणसाला, त्यांच्या मते, एवढे दात असणंच शक्य नव्हतं. भाची रंग दाखवत होती, अक्षरं दाखवत होती. काका फक्त तोंडं बघत होते. मग एकाएकी त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं.

"हा घे."

पिठाने माखलेला एक म्हातारा पाव हातात धरून खदखदून हसत होता.

"काका, हे बेकरीचं आहे."

"याचा डावा सुळा बघ. जरासा आत वळलाय. कुणीतरी मन लावून बसवलाय."

"जन्माचाच असेल!"

"असेल. मग देवाने मन लावून बसवलाय."

दारातून काकू म्हणाल्या, "घे गं बाई. नाहीतर हे उद्यापर्यंत घोड्याचेही दात बघतील."

पैसे भरले. टेम्प्लेट उतरलं. भाचीने ते उघडलं, तर म्हाताऱ्याच्या जागी करडा चौकोन. वर चौकोन, खाली चौकोन, सगळीकडे करडे चौकोन.

"म्हातारा कुठे गेला?"

भाचीने बारीक अक्षरातली ओळ वाचून दाखवली. नमुन्याचे फोटो फक्त दाखवण्यापुरते होते. ते सोबत मिळत नाहीत.

काका खरोखर दुखावले. "मी असं कधी केलंय का? तोंडात नमुना बसवून दाखवायचा आणि घरी नेताना नुसतं मेण द्यायचं?"

"आपण आपला फोटो टाकू. तुमची कवळी लावून हसणारं कुणीतरी. गल्लीत किती जण असतील!"

"अर्धी गल्ली माझ्याच दातांनी जेवते," काका म्हणाले आणि चप्पल घालून निघाले.

आधी निवृत्त हेडमास्तर. ते ओट्यावर बसले होते.

"सर, हसतानाचा एक फोटो हवा होता. माझं काम म्हणून वेबसाइटवर."

हेडमास्तरांनी ओठ मिटले. "कुठलं काम?"

"गेल्या वर्षीचं. खालचं-वरचं."

"माझे दात माझे आहेत," हेडमास्तर म्हणाले. ओठ न उघडता जेवढं म्हणता येतं तेवढं.

शिवणकाम करणाऱ्या बाईंनी काकांना हात धरून आत ओढलं आणि दार लावलं. "दादा, हळू बोला हो! माझ्या सुनेला माहीत नाही." मटणवाल्याने सुरा खाली ठेवून हात जोडले. "काका, उद्या गिऱ्हाईक म्हणेल, याचं मटण चाववत नाही म्हणून याने दात बदललेत. माझ्या पोटावर पाय देऊ नका."

घरी आल्यावर काकांनी सगळं सांगितलं. भाची म्हणाली, "तुमचा धंदा भुतासारखा आहे, काका. अनुभव सगळ्यांना, कबूल कुणीच करत नाही."

काका हसले नाहीत. रविवार उजाडला होता. खोली भाड्याने द्यायची तर साच्यांची कपाटं कुठे हलवायची, याचा ते विचार करत होते.

काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. उशीचा अभ्रा झटकत म्हणाल्या, "माझा काढ."

"मावशी, कवळी लावणाऱ्याचा फोटो हवाय."

"मग मी काय म्हणतेय?"

भाचीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. काकांनी सवयीने आत बघून घेतलं. एक दाढ किडायला आली होती.

"अगं पण आई तर नेहमी सांगते, ताईचे दात आजीवर गेलेत!"

"सांगू दे. तुझ्या काकांनी आजीवरच नेलेत. आजीचा फोटो समोर ठेवून."

काका खिडकीबाहेर बघू लागले. इतकी वर्षं हे गुपित त्या दोघांनी नवरा-बायकोच्या भांडणातसुद्धा बाहेर काढलं नव्हतं. भांडणात बाकी सगळं निघत असे.

"कळेल सगळ्यांना," ते म्हणाले.

"कळू दे. तुमच्या त्या हेडमास्तरांच्या नाकावर टिच्चून हसते की नाही बघा. पण एक अट. मी एकटी जगापुढे तोंड उघडणार नाही. तुम्हीही शेजारी उभं राहायचं. मूठ खाली."

"माझं काय आता..."

"दुसऱ्यांची तोंडं भरता भरता स्वतःचं बोळकं झालं तरी यांना वेळ नाही! बस टेबलाशी," काकूंनी फर्मावलं. रागात त्या काकांना अरे-तुरे करत.

काका बसले. स्वतःच्या वरच्या हिरडीचा ठसा स्वतःच घेतला, आणि तो घेताना असे चेहरे केले की भाचीला बाहेर जाऊन हसावं लागलं. साचा वाळला. मेणाची हिरडी झाली. मग त्यांनी दातांचा डबा उघडला. पट्ट्यांवर सहा-सहा दात ओळीने चिकटवलेले. लांबट, गोल, चौकोनी, पिवळसर, तरुण, पोक्त. काकांनी एक पट्टी उचलली, ठेवली. दुसरी उचलली, ठेवली.

"निवडा ना, काका."

"माझे कसे होते, तेच आठवत नाही." हसतानाचा एकही फोटो घरात नव्हता.

"मला आठवतात," काकू म्हणाल्या.

"कसे होते?"

"आगाऊ."

काकूंनी डब्यात बोट फिरवून एक पट्टी काढली. काकांनी ती आरशासमोर ओठांशी धरली. "हे जरा मोठे नाहीत?"

"होतेच मोठे. म्हणून तर मी आधी नाही म्हटलं होतं."

आणि काकू हसल्या. खिडकीतला उजेड तोंडावर, मान मागे, तोंडभर. भाचीने तेवढ्यात फोटो घेतला.

सोमवारी तो फोटो वेबसाइटवर गेला. काकूंच्या अटीप्रमाणे शेजारचा चौकोन काकांसाठी करडाच ठेवला. काकांचे तोवर चार दात बसले होते.

दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. काकांनी तो टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"वेबसाइट बघितली. छान आहे. पण तुमच्या कामाचा एकही फोटो नाही. नुसत्या एक बाई हसतायत."

  काकूंनी फोन उचलला.

"त्या बाई मी. नीट बघा."

 पलीकडून हलक्या आवाजात प्रश्न आला. "वरचे की खालचे?"

"दोन्ही."

  भाचीने काकूंचा पदर घट्ट धरला होता.

"संध्याकाळी ठसे पाठवते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तीन पेशंटचे आहेत. घाईचे."

काकूंच्या बहिणीचाही फोन आला. आधी खूप रागावली, मग रडली, मग म्हणाली, "ताई, माझेही जरा हलतायत गं."

ते तीन ठसे झाले, पुढचे आले. काका आता पुन्हा जेवायला उशिरा येतात. काकू रोज अटीची आठवण करून देतात. रोज काका म्हणतात, हे एवढं हातावेगळं करतो आणि बसतो. काल खरोखरच बसले. दिवा पेटवला, सुरी गरम केली, पट्टीवरचा पाचवा दात सोडवायला घेतला, आणि बेल वाजली.

खिडकीत त्यांचा साचा तसाच आहे. मेणात चार दात. दोन अजून पट्टीला चिकटलेले. बाजूला सुरी, गार झालेली.