ब्लॉकवरचा शेवटचा आकडा

"मामा, बंद करा! बंद करा तो ग्राइंडर!"

मी असा ओरडलो की कडावच्या खाचरांतले बगळे उडाले ते थेट खोपोलीत उतरले असतील. मामांना मात्र ऐकू गेलं नाही. गोठ्याशेजारच्या छपरीत ठिणग्या उडवत ते आमच्या इंजिनावर वाकले होते. माझ्या मागे, कर्जत स्टेशनवरून नुकतेच आणलेले जुन्या गाड्यांचे मुंबईचे जाणकार हातात भिंग घेऊन उभे.

गाडी वडिलांची. ती खालापुरात माझ्या दारात उभी आहे. इंजिन मात्र वडील गेल्यावर मामांनी इकडे कडावला आणून पाण्याच्या पंपाला जोडलं. हे गाडीचं मूळचंच इंजिन, असं वडील शेवटपर्यंत सांगत. गाव म्हणे, कुठल्या तरी जीपचं आहे. आणि मूळ इंजिन असल्याची खात्री पटल्याशिवाय जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात कुणी दारातही उभं करत नाही.

निकाल लागणार होता ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या ओतीव धडाच्या, कुशीवर. लोखंड ओततानाच साच्यातून तिथे उठावाच्या खुणा येतात. एक अक्षर महिन्याचं, मग तारीख, शेवटी वर्षाचा एकच आकडा. दशक त्या कारखान्यावाल्यांनी घरीच ठेवलेलं. ते आपण कपाळ बडवून शोधायचं!

त्यात मामांचा दसरा. दर दसऱ्याला इंजिनाला हिरवा ऑइलपेंट, त्यावर हळदकुंकू, झेंडूची माळ. थर इतके चढलेले की आत इंजिन आहे हे फक्त आवाजावरून कळायचं. आठवडाभर रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन मी खरवडत बसलो. निघालेल्या रंगात कर्जतचं अख्खं स्टेशन हिरवं झालं असतं. अक्षर दिसलं, तारीख दिसली. शेवटचा आकडा मात्र एक की सात, हे ब्रह्मदेवालाही सांगता येईना. एक असला तर गाडीच्या सालाशी जुळणार, सात असला तर गाव खरं. म्हणून हे जाणकार. निघताना मामांना मी बोट ठेवून दाखवलं होतं, "पाहुणे हीच जागा बघायला येणार आहेत."

बस, तेवढंच मामांच्या डोक्यात बसलं.

ग्राइंडर थांबला. "ये रं. पावनं बी आलं? बग, आरशावानी केलाय! त्ये समदं उंचसखल काढून टाकलं."

जाणकारांनी त्या गुळगुळीत जागेवरून बोट फिरवलं. भिंग खिशात ठेवलं. "इथेच होतं?"

"इथेच," मी म्हणालो.

"मग आता हे जीपचं नाही, असं मी कशावरून म्हणू?"

"नंबर पायजे का?" मामा पुढे सरसावले. "त्यात काय! पंच मारून देतो की. सांगा, कंचा मारू?"

"अहो, पंचाने खड्डा पडतो! ही वर आलेली खूण होती, जन्मापासूनची! पुन्हा यायला ब्लॉक वितळवून पुन्हा ओतावा लागेल!" माझा आवाज फाटला. "एवढे दसरे पुजलंत, रंगवलंत, माळा घातल्यात. त्या एका आकड्याने तुमचं काय घोडं मारलं होतं, मामा?"

मामा ग्राइंडरची वायर हाताला गुंडाळत होते.

"पुसताना फडकं अडकायचं."